चाळीस लेअरचा तारपा

ऑगस्ट लागला की भाईंदर पश्चिमेच्या आमच्या गल्लीत कुणाला धड जेवायला फुरसत नसते. दहीहंडी, पंधरा ऑगस्ट, गणपती एकामागोमाग येतात आणि प्रत्येकाला फ्लेक्स ‘उद्या सकाळीच’ हवा असतो. चेहरे, पदं, खाली शुभेच्छुकांची रांग. कुणाचा फोटो कुणापेक्षा अर्धा इंच मोठा झाला यावरून दुकानाच्या पायरीवर भांडणं होतात. अशाच एका दुपारी काशिमीऱ्याकडच्या एका पाड्यावरून दोघे आले. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, स्टेजमागे लावायला दहा बाय आठ फुटांचा पडदा हवा होता. गेरूचा रंग, त्यावर पांढरा वारली तारपा नाच. फोटो नको, नाव नको. शुभेच्छुक नसलेला फ्लेक्स शेवटचा कधी केला होता, ते मला आठवेना.

दोघांतल्या म्हाताऱ्या बाबांनी काउंटरवरचं मार्कर उचललं आणि एका जुन्या बिलाच्या पाठीवर एक नाचणारा काढला. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल, गुडघ्यात मोडलेले पाय, आणि एक हात शेजारच्याच्या कमरेकडे गेलेला. शेजारी अजून कुणी नव्हतंच, पण हात आधीच तिकडे पोचला होता. “हा घ्या. असे चाळीस फिरवा.” एवढं बोलून ते चेण्याकडे जाणारी रिक्षा बघायला निघून गेले.

माझ्याकडे कामाला असलेला मुलगा उत्तनहून येतो. फोटोशॉपचे शॉर्टकट माझ्याकडून शिकला आणि सहा महिन्यांत माझ्या पुढे गेला. त्याने बिल स्कॅन केलं, नाचणाऱ्याला एका लेअरवर घेतलं, नोटपॅड उघडून पंचवीसेक ओळी लिहिल्या, फाइल मेनूतल्या ‘स्क्रिप्ट्स’मधून त्या चालवल्या, आणि चहा यायच्या आत पडद्यावर रिंगण उभं केलं. मी रिंगणाकडे फारसं बघितलंच नाही, नोटपॅडकडेच बघत बसलो. रात्री त्या ओळी ए-फोरवर छापून घरी नेल्या.

दहावीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण येतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद पाडले की मार्क पडतात. मुलीचा अभ्यास घेताना मला ते पाठ झालंय. या पंचवीस ओळींना ती तीन खणांची पेटी पुरत नाही. इथे आशय म्हणजेच भाषा आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलून भागत नाही, नाचणारा थेट कागदाबाहेर जाऊन पडतो.

आधी आमची जुनी रीत सांगतो, म्हणजे नव्याची गोडी कळेल. फोटोशॉपमध्ये लेअर आल्या १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. नॉल बंधूंचं हे सॉफ्टवेअर बाजारात येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. एकावर एक ठेवलेल्या काचा म्हणा. वरची सरकवली तरी खालची हलत नाही. रांगोळीच्या पाकळ्या करायच्या तर आम्ही एक पाकळी काढतो, ती तीस अंश फिरवतो, एंटर मारतो, आणि मग कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट एकत्र दाबून टी, टी, टी. दर टीला शेवटच्या पाकळीची नक्कल निघते आणि ती आणखी तीस अंश वळते. फूल झटक्यात तयार होतं. खोट एवढीच की दुसरी पाकळी पहिलीची नक्कल, तिसरी दुसरीची, बारावी अकरावीची. पिक्सेल म्हणजे चौकोनी फरशा. चौकोनी फरशांचं चित्र तिरकं करायचं तर प्रत्येक फरशीचा रंग आजूबाजूच्या फरशांवरून अंदाजाने नव्याने भरावा लागतो. दर वळणाला अंदाज, आणि पुढच्या वळणाला त्या अंदाजावर पुन्हा अंदाज. बाराव्या पाकळीची कड लोण्यासारखी मऊ झालेली असते. रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेर झेरॉक्सची झेरॉक्स काढून घेतलेला सातबारा ज्याने पाहिलाय, त्याला वेगळं सांगायला नको. पाकळीला ते चालून जातं. दोन त्रिकोण जिथे टोकाला टोक लावून उभे आहेत, तिथे नाही चालत. वारली माणसाचा सगळा जीव त्या एका टोकात असतो. ते टोक विरघळलं की कंबर जाते.

आता स्क्रिप्ट.

पहिली ओळ मापाची आहे. सध्या मोजपट्टी इंचात आहे की सेंटिमीटरमध्ये, ते एका डबीत जपून ठेवायचं आणि मग मोजपट्टी पिक्सेलवर आणायची. शेवटची ओळ ती डबी उघडून जुनं माप परत लावते. यात नाचाचा काही संबंध नाही. पण दुसऱ्याच्या घरी मुक्काम केलेल्या माणसाने सकाळी गादीची घडी घालून ठेवावी, तशा या दोन ओळी मला आवडल्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या पुष्कळ स्क्रिप्ट तुमचं घर विस्कटून जातात. दुसऱ्या दिवशी तुम्ही व्हिजिटिंग कार्ड तीन पॉइंट पाच करायला जाता आणि ते साडेतीन पिक्सेलचं होतं.

दुसऱ्या ओळीत लेअरला नाव दिलंय: एम, यू, एल. अक्षरं रोमन, शब्द मराठी. रोमनला ळ माहीत नाही, त्यामुळे हा शब्द ‘मूल’ही वाचता येतो आणि ‘मूळ’ही. मी ‘मूळ’ वाचला. पुढची सगळी रचना ज्या एका लेअरकडे पुन्हा पुन्हा परत जाते, तिला दुसरं नाव शोभलंच नसतं.

कारण तिसऱ्या ओळीपासून फेरा सुरू होतो आणि फेऱ्याचं पहिलंच वाक्य असं: नाच बरोबर मूळ डॉट डुप्लिकेट. ‘आधीचा नाच’ डॉट डुप्लिकेट असं ते नाही. प्रत्येक नाचणारा बाबांनी काढलेल्या त्या एकाच माणसाची थेट नक्कल आहे. एकोणचाळिसाव्यालाही अडतिसाव्याची ओळख नाही. त्याला वळवायचं ते एकदाच, हव्या त्या पूर्ण कोनात. पहिल्याला पंधरा अंश, दुसऱ्याला तीस, दहाव्याला दीडशे. म्हणजे नव्याने रंग भरणं प्रत्येकाच्या वाट्याला एकदाच येतं आणि चाळिसाव्याची कंबर पहिल्याइतकीच करकरीत राहते. आकडे वाढत गेले तरी झिजत नाहीत. झिजतात ते पिक्सेल. मुलाने वाढायचं काम आकड्यांना दिलं आणि पिक्सेलना त्यातून सोडवलं. आमच्या कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-टीला इतक्या वर्षांत जे सुचलं नाही ते इथे एका शब्दाच्या निवडीत आहे.

पुढचं वाक्य वळणाचं. डॉट रोटेट, कंसात कोन, आणि खिळा कुठे ठोकायचा ती जागा. फोटोशॉप खिळ्याला नऊच जागा देतं: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि ऐन मध्य. नवग्रहांच्या मांडणीसारखी तीन गुणिले तीनची चौकट. मुलाने मध्य घेतला. आमच्या भाईंदरला हे समजावून सांगावं लागत नाही. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत गोल कापलेला पत्रा फिरत्या यंत्रावर चढवतात तेव्हा मध्य केसभर चुकला तरी डब्याचं तोंड वाकडं होतं, आणि तो डबा आयुष्यभर झाकणाशी भांडतो.

इथे एक अधिक नव्वद आहे. पहिल्या वाचनात मला ती चूक वाटली. गणितात कोन मोजायला सुरुवात होते उजव्या हाताला, घड्याळात तीन वाजतात तिथून. बाबांनी काढलेला माणूस मात्र उभा आहे, म्हणजे बारा वाजताच्या जागेवरचा. गणिताचं तीन आणि माणसाचं बारा यांच्यातलं अंतर म्हणजे हे नव्वद. ते काढून टाकलं तर सगळे नाचणारे रिंगणात आडवे झोपतात. मी काढून बघितलं. हसू आवरेना.

त्याच वाक्यात दोन बोली आहेत. रोटेट अंश मागतं, आणि रिंगणातली जागा काढून देणारे कोसाइन आणि साइन रेडियन मागतात. एकच कोन एकाला एका भाषेत सांगायचा, दुसऱ्याला दुसऱ्या. आमच्या काउंटरवर गिऱ्हाइकाशी गुजराती, कारागिराशी हिंदी आणि आत घरच्यांशी मराठी चालते, किंमत तीच असते. मुलाने कोन रेडियनमध्ये ठेवलाय आणि रोटेटच्या दारात गेल्यावरच एकशे ऐंशीने गुणून पायने भागलाय. गिंप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं. त्यात स्क्रिप्टमधून लेअर फिरवायची तर रोटेटलाच रेडियन द्यावे लागतात, आणि तिथली स्क्रिप्ट स्कीम नावाच्या कंसबहाद्दर भाषेत लिहितात. तिथे हे वाक्य एकभाषिक झालं असतं, पण शेवटी सात कंस मिटवत बसावं लागलं असतं.

आता सरकवणं. डॉट ट्रान्सलेट. नाव भाषांतराचं, काम सरकण्याचं. याला ‘अमुक जागी जा’ असं सांगता येत नाही, ‘इथून इतकं सरक’ एवढंच कळतं. मीरा रोडला पत्ता विचारा. शांतीनगरचा सेक्टर नंबर क्वचितच कुणी सांगेल. ‘इथून दोन गल्ल्या सोडून डावीकडे’ असं सांगतील. ते उपयोगाचं आहे, पण ‘इथून’ म्हणजे कुठून हे पक्कं हवं. लेअर सध्या कुठे आहे ते तिच्या बाउंड्सवरून कळतं: डावी, वरची, उजवी आणि खालची कड, चार आकडे. त्यांचा मध्य काढायचा, जिथे जायचं त्यातून तो वजा करायचा, उरलं तेवढं सरकायचं.

पहिल्या दिवशी मुलाने बाउंड्स घेतले ते वळून झालेल्या नाचणाऱ्याचे. ऐकायला रास्त वाटतं: ज्याला सरकवायचं त्यालाच विचारावं की बाबा तू कुठे आहेस. पण नाचणाऱ्याचा एक हात बाहेर गेलेला आहे. तो वळला की हात कधी वर जातो, कधी खाली, आणि त्याच्याभोवतीची चौकट दर वळणाला वेगळ्या आकाराची होते. चौकटीचा मध्य हलतो, माणसाचा हलत नाही. त्यामुळे पहिल्या रिंगणात कुणी वीतभर आत, कुणी बाहेर. रिंगण हेलकावे खात होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ सुधारली आणि बाउंड्स घेतले मुळाचे. खिळा मुळाच्या मध्यावर ठोकलाय, वळताना तो बिंदू जागचा हलत नाही, म्हणून अंतर तिथूनच मोजायचं. पुन्हा मूळ! रिंगण कंपासने काढल्यासारखं चोख झालं.

आणि मेलं.

हे कबूल करायला मला अर्धा दिवस लागला. चुकलेलं रिंगण नाचत होतं, बरोबर आलेलं रिंगण उभं होतं, स्टीलच्या ताटाच्या काठावर ठोकलेल्या नक्षीसारखं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. २०११ मध्ये पद्मश्री मिळालेला, २०१८ मध्ये गेलेला हा माणूस एका कापडावर शेकडो माणसं उभी करायचा आणि त्यांतली दोन सारखी सापडत नाहीत. मुळात ही चित्रं लग्नघरातल्या भिंतीवर सवाशिणी काढत, तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंच्याने. काडीवरचं पीठ संपत आलं की रेघ बारीक होते, कुडाचा उंचवटा आला की पाय थोडा लांबतो. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या धंद्यात आजही ‘वारली व्हेक्टर पॅक’मधला तोच एक नाचणारा रिसॉर्टच्या भिंतीपासून चहाच्या कपापर्यंत चिकटवला जातो. मीही चिकटवलाय. कपामागे पैसे मिळतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. मी त्यांना सुधारलेलं रिंगण दाखवलं. ते अगदी थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हात सुटलेत यांचे.”

खरंच सुटले होते. तारपा हे नुसतं वर्तुळ नसतं. मधे भोपळ्याचा तारपा वाजवणारा, आणि त्याच्याभोवती उलगडत जाणारी माणसांची साखळी, शंखाच्या वळणासारखी. म्हणून मुलाने प्रत्येक पावलाला त्रिज्या तीस पिक्सेलने वाढवली होती: बाराशेपासून सुरू, चाळिसाव्याला दोन हजार तीनशे सत्तर. पण कोन दर पावलाला तोच ठेवला होता, पंधरा अंश. आतल्या वाटेवर पंधरा अंश म्हणजे साधारण तीनशे चौदा पिक्सेल, हात शेजाऱ्याच्या कमरेला बरोबर लागतो. बाहेरच्या टोकाला तेच पंधरा अंश म्हणजे सहाशे वीस. तिथे हात हवेत. रिंगण बाहेर जाईल तसा माणूस एकटा पडत गेला होता, आणि आम्हा दोघांना ते दिसलं नव्हतं. आम्ही कडा बघत होतो.

याला मुलाने दिलेलं उत्तर म्हणजे या रचनेतली सगळ्यात सुंदर ओळ. कोन बरोबर कोन अधिक अंतर भागिले त्रिज्या. ‘पंधरा’ हा आकडाच गेला. त्याच्या जागी आलं ‘अंतर’, म्हणजे एका माणसाच्या हाताला दुसऱ्याची कंबर सापडेल एवढी जागा, तीनशे चौदा पिक्सेल, आणि ती कधी बदलत नाही. त्रिज्या वाढली की भागाकार लहान होतो, पाऊल आखूड पडतं, हात लागतो. किती वळायचं ते आता वर्तुळ ठरवत नाही, हात ठरवतो. आणि भागाकाराचं उत्तर आपोआप रेडियनमध्येच येतं. त्याने आधीपासून कोन रेडियनमध्ये ठेवला होता तो यासाठी, की नशिबाने, हे मी विचारलं नाही. रसिकाने कवीला असं विचारू नये.

हेलकाव्याचं मात्र अजून राहिलं होतं. मी म्हटलं, रँडम घाल. त्याने घातलं. प्रत्येक नाचणारा तीन अंशांच्या आत, नशिबाने, डावीकडे किंवा उजवीकडे कललेला. चालवून पाहिलं तर चर्चगेट गाडीतून मान बाहेर काढलेली माणसं दिसावीत तसं दिसलं. प्रत्येक जण आपल्या तंद्रीत. रँडमला शेजार नसतो. एक डावीकडे झुकला म्हणून दुसऱ्याला त्याचं काही नाही. खऱ्या साखळीत एकाने अंग टाकलं की ती ओढ दुसऱ्याच्या कमरेला लागते, तिसऱ्याला थोडी कमी, चौथ्याला आणखी कमी, आणि तेवढ्यात सहाव्याने उलटीकडे ओढलेलं असतं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मुलाने एक शब्द वाढवला: झुक. झुक बरोबर झुक गुणिले शून्य पॉइंट सात, अधिक थोडं रँडम. प्रत्येकाचा कल आधीच्याच्या कलातून सत्तर टक्के येतो, उरलेला त्याचा स्वतःचा. ही एवढीशी ओळ कोनाच्या खाली ठेवली आणि वळणात मिळवली. चालवली. साखळीतून एक लाट गेली. कुठे सहा-सात जण मिळून आत कललेले, मग हळूहळू सावरत सरळ, पुन्हा बाहेर. मी शटर अर्ध्यावर धरून उभा राहिलो.

आता दोन्ही बाजू समोर ठेवून बघा. रूप घ्यायचं ते दर वेळी मुळाकडून, शेजाऱ्याकडून चुकूनही नाही, कारण शेजाऱ्याकडून घेतलेलं रूप झिजतं. आणि झुक घ्यायची ती शेजाऱ्याकडून, मुळाकडून नाही, कारण मुळाला झुकच नाही, तो बिलाच्या पाठीवर एकटा उभा आहे. फेरा एकच, पण त्यात वारसा दोन वाटांनी येतो. कुठली गोष्ट कुणाकडून घ्यायची, याचा विवेक पंचवीस ओळींत इतका स्वच्छ मांडलेला मी क्वचित पाहिलाय. मोठमोठ्या घराण्यांच्या गवयांचंही यावरून वाजतं.

तांत्रिक म्हणून वगळता येईल, पण मला वगळवत नाही, असा एक भाग उरला. साखळीच्या शेपटाला लहान पोरं हवीत, असं मुलाच्या मनात आलं. म्हणजे शेवटच्या आठांना आधी रिसाइझने लहान करायचं आणि मग वळवायचं. हाताने फ्री ट्रान्सफॉर्म करताना आपण लहान करतो, वळवतो आणि शेवटी एकदाच एंटर मारतो, म्हणून रंग भरणं एकदाच होतं. स्क्रिप्टमध्ये मात्र प्रत्येक आज्ञा आपला एंटर आपणच मारते. पोरांच्या कमरा दोनदा घासल्या जाणार. उपाय माहीत होता: मुळाला स्मार्ट ऑब्जेक्ट करायचं. ही सोय २००५ पासून आहे. लेअर एका बंद लखोट्यात जाते. वळवा, ताणा, लखोटा वळतो, आतलं पत्र तसंच राहतं. पण स्क्रिप्टच्या साध्या भाषेत ‘लखोट्यात घाल’ असं क्रियापदच नाही. तिरकं करणं, कोपरे ओढणं यांनाही नाही.

अशा वेळी फोटोशॉपला चोरून ऐकावं लागतं. स्क्रिप्टिंग लिसनर नावाचं एक प्लगइन आहे. ते बसवलं की तुम्ही माउसने जे जे कराल ते ते एका फाइलमध्ये फोटोशॉपच्या पोटातल्या भाषेत लिहून डेस्कटॉपवर पडतं. ती भाषा चार-चार अक्षरांची आहे, स्वर बहुतेक गाळलेले. ट्रान्सफॉर्मचं टी-आर-एन-एफ. अँगलचं ए-एन-जी-एल. विड्थचं डब्ल्यू-डी-टी-एच. आमच्या शेजारचे भांड्यांचे होलसेलवाले मारवाडी काका हे बघून म्हणाले, ही तर आमच्या आजोबांची महाजनी. जुन्या वह्यांत मात्रा देतच नसत, आणि त्यावरून तो प्रसिद्ध किस्सा: ‘काकाजी अजमेर गये’ असं लिहिलेलं पत्र ‘काकाजी आज मर गये’ असं वाचलं गेलं आणि घरात रडारड झाली. फोटोशॉपचं मात्र असं कधी होत नाही. 

त्या ढिगातून मुलाने एकच ओळ उचलली, तीही नशिबाने पूर्ण शब्दांतली: न्यू प्लेस्ड लेअर. फेऱ्याच्या आधी ती ठेवली. पुढच्या ओळीत मूळ पुन्हा नव्याने धरलं, कारण लखोट्यात गेल्यावर जुनी लेअर राहत नाही. शिकाऊ लोक इथे हमखास पडतात. आणि हे सगळं सस्पेंड हिस्टरीत गुंडाळून इतिहासाच्या यादीत एकच पायरी ठेवली, तिचं नाव ‘तारपा’. एरवी चाळीस नाचणारे, प्रत्येकी तीन-चार हालचाली, इतक्या पायऱ्या झाल्या असत्या की अनडूचा हात सुरुवातीपर्यंत पोचलाच नसता. आता एक कंट्रोल-झेड आणि अख्खा नाच गेरूत परत.

फेरा संपल्यावर एक ओळ येते: मूळ डॉट व्हिजिबल बरोबर फॉल्स. ज्याच्यापासून सगळे निघाले तो रिंगणात नाही. तो आहे, सगळ्यात खालच्या लेअरवर आहे, डोळा मिटलेला. मी हिच्यावर त्या रात्री वहीत दीड पान लिहिलं. ते इथे देत नाही.

९ ऑगस्टच्या आदल्या दिवशी दोघे फाइल पास करायला आले. बाबांनी पडद्याजवळ तोंड नेऊन एकेक कंबर बघितली, मान हलवली. दुसऱ्याने विचारलं, “यात बाया कुठंयत?” वारली चित्रात बाई ओळखायची ती अंबाड्यावरून. बाबांनी काढला होता तो पुरुष, आणि आमच्या रिंगणात चाळीसही पुरुष. मुलगा म्हणाला, आत्ता करतो. एका नाचणाऱ्यावर डबल क्लिक केलं, लखोटा उघडला, डोक्यामागे छोटा गोल काढला, सेव्ह केलं. चाळिसांच्या डोक्यावर एका क्षणात चाळीस अंबाडे उगवले. शेपटाच्या पोरांनासुद्धा. लखोटा सगळ्यांचा एकच होता, हे तो विसरला होता आणि मीही. बाबा पोट धरून हसले.

मग त्याने लखोट्याची खरी, सुटी नक्कल काढली, तिचं पत्र वेगळं. स्क्रिप्टमध्ये आता दोन मूळ झाले, एकाआड एक घ्यायचे. दुसऱ्याला नाव द्यायला हवं होतं. त्याने टाइप केलं: एम, यू, एल, जी, आय.

मुलगी.

मी विचारलं, “अरे, मग पहिलं ते ‘मूळ’ ना?”

“नाही काका,” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “मुलगा. पूर्ण लिहायचा कंटाळा आला होता.”